टँकरची वही

"मॅडम, बिल्डर म्हणतो, सगळे फ्लॅट विकले गेल्याशिवाय सोसायटी होत नाही. खरं का हो?"

सहकार खात्यातून निवृत्त झाल्यापासून दर शनिवारी मी सोसायट्यांच्या कामात सल्ला द्यायला बसते. 'बिल्डर म्हणतो' इथवर ऐकलं की पुढचं वाक्य मला पाठ आहे. या खेपेला विचारणाऱ्या ताई शाळेत शिक्षिका होत्या. सोबत त्यांच्याच इमारतीतले बँकेतून निवृत्त झालेले काका. पुण्याच्या वाघोलीच्या अंगाला दोन विंग, बहात्तर घरं, त्यातली अठ्ठावन्न विकलेली. ताबा मिळून चौदा महिने झालेले. दोन वर्षांचा मेंटेनन्स आगाऊ भरलेला, त्याचा हिशेब कुणी पाहिलेला नाही. बागेतला कारंजा बंद, जनरेटर फक्त ए विंगला, आणि पाणी टँकरचं.

खरं नाही, मी सांगितलं. रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा, त्याखाली महाराष्ट्राने २०१७ साली केलेल्या नियमांनुसार ५१ टक्के घरांचं बुकिंग झालं की तीन महिन्यांत सोसायटीच्या नोंदणीचा अर्ज करणं हे बिल्डरचं काम. तो हललाच नाही, तर घर घेतलेल्यांनी स्वतः सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे जायची सोय १९६३ च्या मोफा, म्हणजे महाराष्ट्राच्या फ्लॅट मालकी कायद्यात आहे. आमच्या खात्यात त्याला 'असहकार प्रस्ताव' म्हणतात. राहिलेल्या चौदा घरांपुरता बिल्डर स्वतःच सभासद होतो, त्याचं काही अडत नाही. आणि आगाऊ घेतलेले पैसे त्याने वेगळ्या खात्यात ठेवायचे असतात. ते त्याच्याकडे विश्वस्त म्हणून असतात, त्याचे नसतात.

ताईंनी सगळं वहीत उतरवून घेतलं. चेहरा मात्र आला तसाच राहिला. कायदा सांगून झाल्यावरही माणूस उठत नाही, तेव्हा खरी काळजी अजून टेबलावर आलेली नसते, एवढं मला आता कळतं.

"अर्जावर सह्या किती झाल्या?" मी विचारलं. मंजूर आराखड्यातल्या घरांपैकी ५१ टक्के, म्हणजे त्यांच्याकडे सदतीस सह्या लागणार होत्या.

"ग्रुपवर सगळ्यांनी अंगठे दिलेत. कागदावर अकरा."

"का?"

काकांनी सुरुवात केली, "लोकांना जाणीवच नाही. मी म्हटलं, मी जबाबदारी घेतो. मला पदाची हौस नाही, पण—" पदाची हौस नसल्याचं त्यांनी त्या अर्ध्या तासात तीनदा सांगितलं. मी ताईंकडे बघत राहिले. मग त्या हळूच म्हणाल्या, "मॅडम, बिल्डरची भीती नाही वाटत. उद्या शंभर रुपयांचा हिशेब चुकला तर लोक लिफ्टमध्ये मला विचारतील. शेजारी राहायचंय हो आयुष्यभर."

समिती सगळ्यांना हवी असते. तिच्यात बसलेला माणूस कुणालाच नको असतो, आणि बसणाऱ्याला हे माहीत असतं.

मी म्हटलं, दोन महिने सोसायटी हा शब्द काढू नका. नोंदणी होईपर्यंत सगळ्यांच्या वतीने काम बघणारा मुख्य प्रवर्तक कोण, अध्यक्ष कोण, काही नाही. फक्त टँकरची वही ठेवा. दोन्ही विंगमधून दोघंदोघं घ्या, आठवड्याला पाळी बदला. टँकर आला की तारीख, वेळ, गाडीचा नंबर, वॉचमनची सही आणि रोज रात्री त्या पानाचा फोटो ग्रुपवर. खाली एक अक्षर टिप्पणी नको.

काका नाराज झाले. त्यांनी नियमावलीचा मसुदाच टाईप करून आणला होता.

दोन महिन्यांनी ताई एकट्याच आल्या. पिशवीतून दोनशे पानी वही काढली, कडा पाण्याने फुगलेल्या. पहिल्या आठवड्यात नुसते नंबर होते. तिसऱ्या आठवड्यापासून कुणीतरी समासात टाकीची पातळी लिहायला लागलं होतं. बांबूच्या काठीवर रंगाने खुणा करून ती टाकीत बुडवायचे म्हणे. ही कल्पना बी विंगच्या तळमजल्यावरच्या आजोबांची, जे ग्रुपवर कधीच बोलत नसत. पानाच्या तळाशी वॉचमनची वळणदार सही. बिल्डरच्या माणसाने एका महिन्याचं बिल दाखवलं त्यात एकसष्ट टँकर होते. वहीत सत्तेचाळीस.

"भांडलात?"

"नाही. पानांच्या झेरॉक्स पाठवल्या. पुढच्या बिलात आपोआप कमी झाले." आणि मग, जणू सहज, "सह्या त्रेचाळीस झाल्या."

त्यानंतरची सभा पार्किंगमध्ये, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. मी गेले होते. बिल्डरचा विषय पाच मिनिटांत संपला. पाऊण तास चालला तो वन बीएचके विरुद्ध थ्री बीएचके. छोट्या घरांचं म्हणणं, आम्ही सारखं का भरायचं? मी आदर्श उपविधी, म्हणजे सोसायट्यांसाठीची नमुना नियमावली, वाचून दाखवले: वॉचमन, सफाई, ऑफिस असा सेवाशुल्काचा खर्च प्रत्येक घराला सारखा, घर लहान असो की मोठं. लिफ्टचाही सारखा, तळमजल्यालासुद्धा. त्यावर आजोबा हसले, "म्हणजे मी न चढता पैसे द्यायचे." होय, द्यायचे. मात्र पाण्याचा खर्च नळांच्या संख्येवर आणि आकारावर. दुरुस्ती निधी वर्षाला त्या-त्या घराच्या बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के आणि पुढच्या मोठ्या कामांसाठीचा सिंकिंग फंड किमान ०.२५ टक्के, म्हणजे मोठ्या घराला जास्त. त्यांच्याकडे सगळ्यात मोठा खर्च टँकरचाच होता. तो नळांवर वाटला जाणार हे कळल्यावर छोट्या घरांचा आवाज खाली आला. थ्री बीएचकेवाल्यांचा चढला, पण आकडे वहीत होते आणि वही त्यांच्यातल्याच दोघांनी लिहिली होती.

मुख्य प्रवर्तक म्हणून काकांचं नाव कुणीतरी सुचवलं. काका उठले आणि ताईंचं नाव घेऊन खाली बसले. मी त्यांना पदाचा हावरा ठरवून मोकळी झाले होते. चूक माझी.

पुढचं कागदांचं काम लांबलं, अवघड काही नव्हतं. नाव राखून ठेवणं, बँक खात्याची परवानगी, प्रत्येकी पन्नास रुपयांचे दहा भाग आणि शंभर रुपये प्रवेश फी, म्हणजे घरटी सहाशे. नोंदणी अर्जाचे नमुने अ, ब, क, ड. करारनाम्यांच्या प्रती, मंजूर नकाशा, आर्किटेक्टचा दाखला. सगळ्यात जास्त वेळ गेला तो नावावर. एका गटाला बिल्डरने दिलेलं इंग्रजी नाव हवं होतं, दुसऱ्याला ते पाटीवरसुद्धा नको होतं.

उपनिबंधकांनी बिल्डरला नोटीस काढली. त्याचा माणूस सुनावणीला आला, चौदा घरं शिल्लक असल्याचं म्हणाला. साहेबांनी विकलेल्या घरांची यादी मागितली, आणि पुढच्या तारखेला त्याने हरकत सोडली. नेहमीच इतकं सरळ होत नाही. कुठे कुठे वर्ष जातं.

नोंदणीनंतर हंगामी समिती. शंभरपर्यंत सभासद असतील तर समिती अकरा जणांची, त्यात दोन जागा महिलांच्या, आणि अनुसूचित जाती-जमाती मिळून एक, इतर मागासवर्गाची एक, भटके-विमुक्त व विशेष मागास प्रवर्ग मिळून एक. ताईंनी मला फोनवर विचारलं, "बिल्डरकडून इमारतीचा कारभार घेताना काय बघू?" मी म्हटलं, पंप चालवून बघा, लिफ्टचं परवानापत्र आणि वार्षिक देखभाल कराराची (एएमसी) तारीख बघा, आगाऊ मेंटेनन्सचा लेखी हिशेब मागा. भिंतीला तडा, गळती असेल तर फोटोसकट लेखी कळवा. बांधकामातल्या दोषाला रेराखाली ताब्यापासून पाच वर्षं बिल्डर जबाबदार असतो, त्यातली दीड-दोन तुमची गेलीत.

हस्तांतराच्या दिवशी बिल्डरच्या सुपरवायझरने पंपघरात एकोणीस किल्ल्यांचा जुडगा दिला. आजोबा आणि काका दुपारभर कुलपं लावून बघत हिंडले. बारा लागल्या. सात कशालाच नाही. काकांनी टँकरच्या वहीचं पुढचं कोरं पान उघडलं, 'किल्ल्या' असं वर लिहिलं आणि त्या सातही नोंदवून आजोबांची सही घेतली.