ऑन्टारियोत जुनी गाडी घेताना: टोयोटा की होंडा

तुमचा प्रश्न असा आहे की जानेवारीत सहकुटुंब कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात, किचनरला पोहोचल्यावर अठरा ते वीस हजार डॉलरांत जुनी गाडी घ्यायची तर टोयोटा घ्यावी की होंडा. नाशिकला तुमच्या होंडा सिटीने नऊ वर्षांत एकदाही तुम्हाला रस्त्यात उभे केले नाही, तर ब्रॅम्प्टनचे तुमचे मेहुणे टोयोटाखेरीज दुसरे नावही काढू देत नाहीत. मी अकरा वर्षे याच भागात राहतो आणि दोन्ही कंपन्यांच्या गाड्या वापरल्या आहेत. मेहुण्यांचा सल्ला ढोबळमानाने बरोबर असला तरी तेवढ्यावर गाडी घेऊ नये असे मला वाटते, कारण या दोन कंपन्यांत जेवढा फरक आहे त्याहून मोठा फरक एकाच कंपनीच्या दोन इंजिनांत आणि दोन सालांत सापडतो.

भारतातला अनुभव इथे जसाच्या तसा लागू पडत नाही. तुमची सिटी कॅनडात विकलीच जात नाही. शिवाय नुसत्या बिल्ल्यावर किती विसंबावे हे भारतातच दिसते: टोयोटाची ग्लान्झा ही मुळात मारुतीची बलेनो आहे. सर्वेक्षणांचेही तसेच. कन्झ्युमर रिपोर्ट्स या अमेरिकी ग्राहक-मासिकाच्या यादीत टोयोटा बहुतेक वर्षी अगदी वर असते आणि होंडाही फार मागे नसते, हे खरे. पण जे. डी. पॉवर या सर्वेक्षण कंपनीचे टिकाऊपणाचे सर्वेक्षण तीन वर्षे वापरलेल्या गाड्यांचे असते आणि त्यात फोन ब्लूटूथला जोडला जात नाही ही तक्रारही मोजली जाते. सात-आठ वर्षांची गाडी घेणाऱ्याला त्यातून फारसे काही कळत नाही.

आता मुद्द्याचे. तुम्ही लिहिता की कार्यालय सहा किलोमीटरवर आहे आणि मुलीची शाळा दोन किलोमीटरवर. इथल्या हिवाळ्यात, उणे पंधराला, एवढ्या अंतरात इंजिन पुरते तापतच नाही, आणि नेमकी इथेच होंडाची एक दुखरी जागा आहे. २०१७ आणि २०१८ च्या सीआर-व्हीमध्ये आणि त्याच काळातल्या काही सिव्हिकमध्ये जे दीड लिटरचे टर्बो इंजिन आहे, त्यात थंडीत न जळलेले पेट्रोल पिस्टनच्या रिंगांवरून खाली ऑइलमध्ये उतरत असे. लांबच्या प्रवासात ऑइल तापून हे पेट्रोल उडून जाते, छोट्या फेऱ्यांत ते साचत राहते. मग ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढते आणि ऑइल पातळ होऊन त्याचे वंगण कमी पडते. होंडाने पुढे सॉफ्टवेअर बदलून दिले आणि वॉरंटीही वाढवली, तरी अशी गाडी पाहायला गेलात तर डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी काडी, स्वतः ओढून पाहा. ऑइल वरच्या खुणेच्या बरेच वर असेल आणि काडी नाकाशी धरल्यावर पेट्रोल पंपावर उभे राहिल्यासारखा वास आला, तर किमतीची बोलणी सुरूच करू नका.

हा दोष ऐकून सगळ्या होंडा बाद करणेही बरोबर नाही. २०१६ ते २०२१ च्या पिढीतली साधी सिव्हिक दोन लिटरच्या, टर्बो नसलेल्या इंजिनाची आहे आणि तिला हा त्रास नाही. जुन्या सिव्हिकबद्दल मात्र एक सावधगिरी: २००६ ते २००८ च्या काही गाड्यांत इंजिनाचा ब्लॉकच तडकत असे. कोणी स्वस्तात देऊ केली तरी त्या सालांच्या वाटेला जाऊ नये.

टोयोटाही धुतल्या तांदळासारखी नाही. २००७ ते २००९ च्या चार सिलिंडरच्या कॅमरी ऑइल पिण्याबद्दल बदनाम झाल्या. टॅकोमा पिकअपच्या चासी गंजल्यावरून कंपनीला अमेरिकेत मोठी तडजोड करावी लागली. २०१९ पासूनच्या रॅव्ह ४ हायब्रिडमध्ये मागच्या मोटरकडे जाणाऱ्या उच्च दाबाच्या विजेच्या केबलचा जोड रस्त्यावरच्या मिठाने गंजत असे, आणि ती केबल बदलण्याचा खर्च काही हजार डॉलरांत जात असल्याने बोंब झाल्यावर टोयोटाला वॉरंटी वाढवून द्यावी लागली. तरीही टोयोटाच्या हायब्रिडचा गिअरबॉक्स मला आवडतो, कारण त्यात इतर सीव्हीटीसारखा (ठरावीक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससारखा) पट्टा नसून दातेरी चक्रांचा संच असतो आणि झिजण्यासारखे फार थोडे असते.

या सगळ्यापेक्षा मोठा शत्रू म्हणजे मीठ. मी मूळचा रत्नागिरीचा, त्यामुळे खाऱ्या हवेने गाडी गंजते हे लहानपणापासून पाहिलेले आहे, पण इथे बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर टाकलेले मीठ खालून खाते आणि वरचा रंग आरशासारखा राहतो. माझी इथली पहिली गाडी सात वर्षांची, चकचकीत, ब्याण्णव हजार किलोमीटर चाललेली होती. तिसऱ्या हिवाळ्यात एका सिग्नलला ब्रेकचा पेडल पायाखाली थेट खाली गेला. गॅरेजमध्ये गाडी उचलल्यावर मेकॅनिकने स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने खालच्या पत्र्याला नुसते टोचले, तर गंजाचे पापुद्रे खारीच्या तुकड्यांसारखे त्याच्या बाहीवर पडले. ब्रेकची नळी गंजून फुटली होती. ती गाडी कोणत्या कंपनीची होती हे मुद्दाम सांगत नाही, कारण दुसऱ्या कंपनीची असती तरी तेच झाले असते. आधीच्या मालकाने दरवर्षी खालून तेलाचा फवारा मारून घेतला असेल, तर त्याच्या पावत्या मला कंपनीच्या नावापेक्षा मोलाच्या वाटतात.

किमतीचे गणितही पाहा. इथे टोयोटाच्या नावाचा वेगळा भाव द्यावा लागतो. त्याच पैशांत अनेकदा एक-दोन वर्षांनी नवी किंवा बरीच कमी चाललेली होंडा मिळते, आणि अशा वेळी मी होंडा घेईन. सीआर-व्ही किंवा रॅव्ह ४ यांच्यातच निवडायचे झाले तर तुमच्या सहा किलोमीटरच्या फेऱ्यांसाठी टर्बो नसलेली रॅव्ह ४ बरी. सीआर-व्ही चोरांचीही फार आवडती गाडी असल्याने विमा उतरवण्याआधी दोन्हींचे आकडे मागवा. पण तिघांच्या कुटुंबाला एवढी मोठी गाडी लागते का, याचाही विचार करा. माझी पसंती २०१७ ते २०१९ ची साधी कोरोला किंवा दोन लिटरची सिव्हिक, यांपैकी जिचा खालचा पत्रा चांगला असेल ती.

खासगी विक्रेत्याने ऑन्टारियो सरकारचे जुन्या वाहनाचे माहितीपत्रक देणे बंधनकारक आहे. ते घ्या आणि गाडीचा पूर्वेतिहास सांगणारा कारफॅक्स कंपनीचा अहवालही पाहा. सेफ्टी सर्टिफिकेट, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी असल्याचा दाखला, छत्तीस दिवसच चालते आणि ते इंजिन किंवा गिअरबॉक्स टिकेल याची हमी देत नाही, म्हणून विक्रेत्याशी संबंध नसलेल्या गॅरेजमध्ये गाडी उचलून तपासून घ्या. करासाठी तेरा टक्के वेगळे धरा, नाहीतर वीस हजारांचा हिशेब ऐनवेळी कोलमडेल.

तुम्ही जानेवारीत येताय हे या बाबतीत चांगलेच आहे, कारण थंड पडलेले इंजिन सुरू करतानाच त्याचे खरे रूप कळते. विक्रेत्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका, आणि पोहोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवून पाहा. बॉनेट कोमट लागले तर गाडी आधीच तापवून ठेवली आहे असे समजा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा येतो म्हणा. शनिवार असेल तर मीही सोबत येईन.