‘जोखीम जास्त आहे’ म्हणजे नेमके काय?

प्रश्न : माझ्या पाच वर्षांच्या मुलाला जन्मापासून ‘टेट्रालॉजी ऑफ फॅलो’ हा हृदयविकार आहे. आता मेंदूत गळू झाले असून दोन दिवसांत पू काढायचा आहे. ‘भूल देण्यात जोखीम जास्त आहे,’ असे सांगून सही घेतली. सासूबाई म्हणतात, आधी हृदय दुरुस्त करा. मी काय करू?

प्रिय ताई,

सासूबाईंचे म्हणणे वरवर पटण्यासारखे आहे, पण येथे क्रम बहुधा उलटाच लावावा लागतो. हृदयाच्या मोठ्या शस्त्रक्रियेत रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन द्यावे लागते आणि मेंदूत पू असताना ते धोक्याचे ठरते. शिवाय हे गळू हृदयामुळेच झाले असण्याची शक्यता मोठी आहे. एरवी फुप्फुसे गाळणीसारखी जंतू अडवतात. आपल्या मुलाचे काही रक्त मात्र हृदयातील छिद्रातून फुप्फुसांना वगळून थेट मेंदूकडे जाते.

भूलतज्ज्ञांची काळजीही त्या छिद्राचीच आहे. भुलीच्या काही औषधांनी शरीरातील रक्तवाहिन्या सैलावल्या की अशुद्ध रक्त त्या वाटेने अधिक वाहते आणि मूल निळे पडते. म्हणून रक्तदाब टिकवून धरणारे केटामिनसारखे औषध अनेकदा निवडले जाते, आणि सलाईनच्या नळीतील हवेचा लहानसा बुडबुडाही मेंदूपर्यंत पोहोचू शकतो म्हणून तो कटाक्षाने काढला जातो. संमतीपत्राची भाषा आईसाठी लिहिलेली नसते. ‘जोखीम’ या शब्दामागे ही सारी तयारी असते.

आपल्या हातात आहे ते उपाशी ठेवण्याचे वेळापत्रक. ‘रात्रीपासून पाण्याचा थेंबही नको’ हा घरगुती कडकपणा या मुलांना बाधतो, कारण त्यांचे रक्त आधीच दाट असते आणि पाणी कमी पडले की ते आणखी दाटते. सर्वसाधारण नियम जेवणासाठी 6 तास आणि साध्या पाण्यासाठी 2 तास असा आहे; मात्र वांत्या किंवा गुंगी असेल तर वेळ डॉक्टरांनाच ठरवू द्या. तोंडाने पाणी बंद असेल तेव्हा सलाईन कधी सुरू होणार, हे नि:संकोच विचारा.

निळे पडण्याचे झटके टाळण्यासाठीचे प्रोप्रानोलॉल हे औषध चालू असेल तर त्या सकाळचा डोस द्यायचा का, हेही विचारून घ्या. घरी त्याचा ऑक्सिजन किती असतो आणि दमल्यावर तो उकिडवा बसतो का, हे भूलतज्ज्ञांना स्वतः सांगा. रडण्याने असा निळे पडण्याचा झटका येऊ शकतो, म्हणून त्याला झोप लागेपर्यंत आपल्याला जवळ थांबता येईल का, हे आजच विचारून ठेवा.