सातारा जिल्ह्यात सेरेब्रल पाल्सी असलेल्या चार वर्षांच्या मुलीसाठी मदत कुठे मिळेल?

दादा, तुमचा प्रश्न काल रात्री वाचला. कोरेगाव तालुक्यातलं गाव, चार वर्षांची मुलगी, डॉक्टरांनी सेरेब्रल पाल्सी सांगितलेली, वहिनी घराबाहेर पडेनाशा झालेल्या. आणि सगळी माहिती एका जागी मिळेल असं ठिकाण तुम्ही विचारताय. मी कराडची. माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे, त्यालाही हेच आहे, मेंदूतल्या दोषानं हातापायांवर नीट ताबा नसणं. असं एकच ठिकाण मला इतक्या वर्षांत सापडलं नाही. मदत आहे, चांगली आहे, पण पाच-सहा कार्यालयांत विखुरलेली, आणि या टेबलावरचा माणूस त्या टेबलाचं सांगत नाही. मला निम्म्याहून जास्त कळलं ते फिजिओथेरपीच्या खोलीबाहेरच्या बाकावर, दुसऱ्या आयांकडून.

सगळ्यात आधी, थेरपीसाठी दिव्यांगत्वाच्या दाखल्याची वाट बघू नका. आम्ही बघितली. कुणीतरी म्हणालं, आधी दाखला काढा मग बाकीचं. एका कार्यालयात आधारवरचं नाव आणि जन्मदाखल्यावरचं नाव जुळत नाही म्हणून तीनदा परत पाठवलं. आठ महिने गेले आणि तेवढ्यात लेकराचे पाय आखडत गेले. ते महिने मला आजही परत हवे आहेत.

म्हणून या आठवड्यातच अंगणवाडी सेविकेला गाठा आणि बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक गावात कधी येणार ते विचारा. हे पथक अंगणवाडीतली मुलं वर्षातून दोनदा तपासतं. पण त्यांच्यासाठी थांबूही नका. सरळ साताऱ्याला सदर बझारमधल्या क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालयात जा आणि ‘डीईआयसी’ कुठे आहे ते विचारा. हे नुसतं विचारलंत तरी पुढचा माणूस तुम्हाला योग्य दारात नेतो. मराठीत त्याला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र म्हणतात, अशा मुलांची तपासणी आणि थेरपी तिथे होते. ते 18 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी असतं आणि पैसे लागत नाहीत. कराडकडे येणं सोयीचं असेल तर मलकापूरला कृष्णा हॉस्पिटलच्या आवारात फिजिओथेरपीचं कॉलेज आहे. थेरपिस्टला खुब्याबद्दल मुद्दाम विचारा. या मुलांचा खुब्याचा सांधा हळूहळू सरकू शकतो, आणि सुरुवातीला मूल रडत नाही म्हणून कळतही नाही. एक्स-रे कधी काढायचा, किती दिवसांनी परत काढायचा, हे डॉक्टरांकडून लिहूनच घ्या.

त्या बाकाचं सांगते. माझं पोर मी दोन्ही हातांवर आडवं धरून बसले होते. त्याचे पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढलेले. शेजारी पाटणकडच्या एक आजी नातवाला घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, “आडवं धरू नगंस बाई. कडंवर घे, एक पाय पुढं, एक पाय मागं.” तसं घेतलं, आणि थोड्या वेळानं त्या मांड्या सैल पडलेल्या माझ्या हाताला कळल्या. पुढे थेरपिस्टनंही तेच सांगितलं. त्याच आजींनी खुर्चीचंही सांगितलं. आमच्या गल्लीतल्या सुतारानं जुन्या दाराच्या फळ्यांतून ती केली. मापं थेरपिस्टची: पाठ सरळ, दोन मांड्यांच्या मध्ये गुळगुळीत ठोकळा, पायांखाली पाट, पुढे ताट ठेवायला फळी. पहिल्या दिवशी त्या फळीवर वरणभात ठेवला तर पोरानं आख्खा पंजा त्यात बुडवला आणि तोंडाकडे नेला. तोवर मी त्याला मांडीवर निजवून भरवत होते, आणि ठसका लागला की घाबरत होते. मुलीला आडवं ठेवून भरवू नका, बसवूनच भरवा.

थेरपी सुरू झाली की सोबत कागद. यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा अर्ज ‘स्वावलंबन’ पोर्टलवर भरायचा, सेतूतही भरून मिळतो. मुलीचं आणि तुमचं नाव सगळ्या कागदांवर अक्षर न् अक्षर सारखं आहे का ते आधी बघा, नसेल तर तेच पहिलं दुरुस्त करा. तपासणीचे वार ठरलेले असतात, ते विचारूनच निघा, नाहीतर एसटीचं भाडंही जातं आणि मजुरीचा दिवसही. दिव्यांगत्व 40 टक्के किंवा त्याहून जास्त लागलं की बहुतेक योजनांचं दार उघडतं. 40 ते 79 ला पिवळं कार्ड, 80 पासून पुढे निळं. लहान मुलांना बहुधा मुदतीचा दाखला मिळतो, ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

पैशाचं थोडक्यात. तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार योजना आहे. दिव्यांगांसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 50,000 आहे आणि ऑक्टोबर 2025 पासून महिना 2,500 रुपये झालेत. ‘निरामय’ नावाचा आरोग्य विमा नॅशनल ट्रस्टचा आहे, वर्षाला एक लाखापर्यंत. सेरेब्रल पाल्सी त्यात बसते आणि त्यातून थेरपीचा खर्चही काही प्रमाणात मिळतो. बिलं जपून ठेवा. एसटीत 75 टक्के सवलत आहे.

आणि ग्रामपंचायत! हे लोक विचारतच नाहीत. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ग्रामसेवकांना तोंडी सांगून सोडू नका. मुलीच्या खुर्चीसाठी किंवा बुटांसाठी लेखी अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या आणि ग्रामसभेत उभं राहून विचारा. गावात अजून दोन-तीन घरं निघतीलच, त्यांनाही सोबत घ्या. एकट्या माणसाला ‘बघू’ म्हणतात, चौघं गेले की वही उघडते.

शाळेचं आतापासून बोलून ठेवा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या साध्या शाळेत किंवा विशेष शाळेत, निवड तुमची. कोरेगावला पंचायत समितीच्या शिक्षण विभागात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक कोण आहेत ते विचारा. आमच्या मुलाच्या वर्गात उंबऱ्याला उतार करून मिळाला तो आमच्याकडच्या अशाच एका शिक्षिका बाईंनी मुख्याध्यापकांच्या मागे लागून. विशेष शाळांची यादी हवी असेल तर साताऱ्यात जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात विचारून बघा.

राहिल्या वहिनी. तुम्ही लिहिलंय की सासरी-माहेरी सगळे त्यांनाच बोलतात, गरोदरपणात काय खाल्लं, ग्रहणात काय चिरलं. दादा, हे तुम्ही थांबवायचं, त्यांनी नाही. हा आजार मेंदूला इजा झाल्यानं किंवा मेंदूची वाढ नीट न झाल्यानं होतो, ग्रहणाचा त्याच्याशी काही संबंध नाही, हे चारचौघांत तुमच्या तोंडून येऊ द्या. माझ्याही घरी हे झालं. मी दोन वर्षं कुणाच्या लग्नाला गेले नाही, हळदीकुंकवाला नाही. झोप उडाली असेल, रडू थांबत नसेल, तर 14416 वर फोन लावून द्या. टेलीमानस म्हणून सरकारी सेवा आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. आणि साताऱ्याच्या पहिल्या खेपेला त्यांना घरी ठेवून जाऊ नका. तुम्ही केसपेपरच्या रांगेत उभे राहा, त्यांना मुलीला घेऊन त्या बाकावर बसू द्या.