हाताला चाळा, कानाला काम

प्रश्न : मुलगा चौथीत आहे. अभ्यासाला बसला की खोडरबर कुरतडतो, खुर्चीवर चढ-उतर चालते. लक्ष लागेल म्हणून फिजेट स्पिनर (बोटांत धरून गरगर फिरवायची चकती) घेऊन दिला, तर आता बाई म्हणतात, तास संपेपर्यंत तेच फिरवत बसतो. – एक आई, सांगली

उत्तर : बाईंचं बरोबर आहे, आणि यात मुलाची काही चूक नाही. २०१७ साली या चकत्यांचं पेवच फुटलं होतं, ‘एकाग्रता वाढवणारं खेळणं’ म्हणून त्या खपल्या. अडचण अशी, की स्पिनर फिरला की नजर त्याच्यावरच खिळते. व्हिडिओवरचं व्याख्यान दाखवून केलेल्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगातही स्पिनर हातात असलेल्यांच्या लक्षात कमी राहिलं.

माझी आजी पोथी ऐकताना वाती वळायची. बोटाला दुधाचा ओलावा, मांडीवर कापूस, नजर वाचणाऱ्याकडे. एखादी ओवी गाळली गेली की लगेच टोकायची. चाळा निवडताना मी हीच कसोटी लावते : बोटांना कळतं, डोळ्यांना बघावं लागत नाही, आणि शेजारच्याला ऐकू येत नाही. मुलाला कणकेचा लहानसा गोळा द्या, मऊ रबरी चेंडू द्या, नाहीतर बाकाच्या खालच्या बाजूला वेल्क्रोची खरखरीत पट्टी चिकटवा. पाढे उभ्याने, येरझारा घालत म्हटले तरी पाठ होतात.

मात्र ही चुळबुळ घरी आणि शाळेत दोन्हीकडे, सहा महिन्यांहून जास्त, अभ्यास नि मैत्री बिघडवण्याइतकी असेल, तर बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. तिथे चेंडूने भागत नाही.

प्रश्न : माझ्या वर्गात ४२ मुलं. सगळ्यांना चाळे करू दिले तर बाजार भरेल! – एक शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर : सगळ्यांना देऊच नका. फ्लोरिडातले मानसशास्त्रज्ञ मार्क रॅपोर्ट यांच्या गटाने २०१५ मध्ये ८ ते १२ वर्षांच्या मुलांना एक कोडं घातलं : अंक नि अक्षर ऐकायचं, मनात क्रम लावायचा, मग सांगायचं. एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता यांचा विकार) असलेली मुलं जितकी जास्त हलली तितकी त्यांची उत्तरं सुधारली. बाकीच्यांचं नेमकं उलट झालं, हलण्याने त्यांचं बिघडलं. मेंदू पेंगायला लागला की काही मुलं हालचालीने त्याला जागं ठेवतात, असा त्याचा एक अर्थ लावला जातो.

अशा मुलाला ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ सांगितलं की त्याची सगळी ताकद ती घडी सांभाळण्यात जाते, तुमचा भागाकार हवेत विरतो. वह्या वाटायला, फळा पुसायला त्यालाच उठवा. शेवटच्या बाकामागे उभं राहून लिहू द्या, पण ती शिक्षा वाटता कामा नये, हे वर्गालाही आधी सांगा.

प्रश्न : मीटिंगमध्ये माझ्या हातातल्या पेनाची टकटक चालू असते. सहकारी वैतागतात, पण थांबवली की मला झोप येते. – एक आयटीवाला, पुणे

उत्तर : तेच पेन कागदावर टेकवा. प्लिमथ विद्यापीठाच्या जॅकी अँड्रेड यांनी ४० जणांना फोनवरचा एक कंटाळवाणा निरोप ऐकवला आणि निम्म्यांना ऐकता ऐकता कागदावरचे आकार रंगवायला दिले. २००९ साली छापून आलेला निष्कर्ष : रंगवणाऱ्यांना २९ टक्के जास्त आठवलं. रेघोट्या मारणारं मन दिवास्वप्नात कमी भरकटतं, असा त्यांचा अंदाज. पण समोर स्लाइड नीट बघायची असेल, तर रेघोट्याही नकोत.

प्रश्न : रात्री अंथरुणावर पाय स्वस्थ राहत नाहीत, हलवले की बरं वाटतं. सासूबाई म्हणतात, पाय हलवू नये, लक्ष्मी जाते. – वय ३४, नाशिक

उत्तर : हा चाळा नव्हे. संध्याकाळनंतर पायांत कसंनुसं होणं आणि हलवल्यावरच थांबणं, हे रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम असू शकतं. त्यामागे बऱ्याचदा लोहाची कमतरता असते. हिमोग्लोबिन ठीक आलं तरी डॉक्टरांना विचारून फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासून घ्या. लोहाच्या गोळ्या मनाने सुरू करू नका, आणि रिपोर्ट सासूबाईंनाही दाखवा.