आबाजी हाकलतातही आणि कणसंही टांगतात

प्रिय बाळा,

काल फोनवर तू विचारलंस, "आई, आबाजी दिवसभर गोफण फिरवून भोरड्यांना हाकलतात. आणि संध्याकाळी त्याच वावरातली कणसं झोपडीच्या वळचणीला पाखरांसाठी टांगतात. खाऊच घालायचंय, तर हाकलतात कशाला?" तेवढ्यात रेंज गेली. घाटाच्या अंगाला ती जायचीच. तुझ्या वयाची असताना मलाही हे कोडं पडलं होतं, पण मी कुणाला विचारलं नाही. तू विचारलंस म्हणून सावकाश लिहिते.

आधी भोरड्यांचं. गुलाबी अंग, काळं डोकं, काळे पंख. ही पाखरं मध्य आशियातून, कझाकस्तानसारख्या देशांतल्या उघड्या माळरानांवरून येतात. तिथे त्यांची घरटी असतात. पावसाळा सरता सरता आपल्याकडे पोचतात आणि एप्रिलपर्यंत मुक्काम करतात. ज्वारीचा दाणा दुधात आला की शेकड्यांचा थवा एकदम उतरतो आणि धांडे वाकतात. तासाभरात अर्धी ओळ रिकामी होते. ते दाणे म्हणजे घरातली वर्षाची भाकर, त्यामुळे राखण करावीच लागते.

पूर्वी परतवाड्यापासून घाटापर्यंत शिवारभर ज्वारी असायची. पाखरं सगळ्यांकडे थोडी थोडी खायची, कुणा एकाला जड जायचं नाही. आता जिकडे तिकडे सोयाबीन आणि कपाशी. ज्वारीचं वावर एखादंच, म्हणून सगळे थवे त्याच्यावरच येतात. कितीतरी जणांनी याच त्रासाने ज्वारी सोडली. आबाजींनी सोडली नाही, याचं मला फार मोल वाटतं. एक बघून ठेव: त्यांच्या गोफणीचा खडा थव्याच्या वरून जातो. पाखरू उठावं एवढंच त्यांना हवं असतं, कुणाला लागावं असं नाही.

आता टांगलेल्या कणसांचं. जुन्या काळी खळ्यावर रास पडली की धान्य घरात जायच्या आधी सुताराचा, लोहाराचा वाटा निघायचा, कारण त्यांच्या कामाशिवाय वावर पिकत नव्हतं. पाखरांचा वाटाही आबाजी तसाच काढतात. "पाखरायचा वाटा पाखरायले, बाकीचं आपलं," असं ते म्हणतात. वाटा काढून दिला की मग उरलेलं राखायला त्यांना संकोच वाटत नाही. तू लहान असताना मी तुला 'हा घास चिऊचा, हा घास काऊचा' म्हणत भरवायची ना? तिथेही चिऊचा घास आधी निघायचा.

कणसं संध्याकाळीच का टांगतात, तेही सांगते. चिमणीएवढं पाखरू थंडीची रात्र अंगातली चरबी जाळून काढतं. उजाडताना त्याच्या अंगात फारसं काही उरलेलं नसतं. पहिला दाणा जवळ मिळाला तर त्याची धावपळ वाचते. आबाजींनी हे कुठे वाचलेलं नाही, पण पहाटे वळचणीला किती गडबड असते ते त्यांनी साठ वर्षं ऐकलंय.

तू असंही म्हणालीस, की आबाजी आभाळाकडे बघून "आज आभाय मोकयं हाय, राती हीव पडन" म्हणाले आणि रात्री खरंच दोन गोधड्या लागल्या. त्याचं असं आहे. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली ऊब वर सोडते. ढग असले तर ते गोधडीसारखं काम करतात. आभाळ निरभ्र असलं की सगळी ऊब निघून जाते. मग जमिनीलगतची हवा गार होते, गार हवा जड असते, आणि ती पाण्यासारखी उताराने खाली वाहत जाऊन नाल्याच्या खोलगटात साचते. म्हणून झोपडी उतारावर आहे, नाल्याकाठी नाही. सकाळी लवकर उठलीस तर खाली दरीत धुकं आणि वर, 1118 मीटरवरच्या चिखलदऱ्याकडे, स्वच्छ ऊन दिसेल. मला लहानपणी वाटायचं, रात्रीतून कुणीतरी दरी दुधाने भरून ठेवली.

उलट ढग आले की थंडी कमी होते, तुम्हा मुलांना बरं वाटतं, पण आबाजींचा चेहरा उतरतो. ढगाळ हवेत तुरीवर, हरभऱ्यावर अळी वाढते. कधी जानेवारी-फेब्रुवारीत गारपीटही होते. तेव्हा त्यांना फार प्रश्न विचारू नकोस, नुसती जवळ बस.

कुंपणावर एक छोटा पक्षी सारखी शेपटी थरथरवताना दिसेल. वर काळपट, पोट तांबूस. तो थिरथिरा. हिमालयाकडचा पाहुणा. नाल्यातल्या दगडांवर शेपूट वरखाली करत चालणारा तो धोबी, तोही थंडीपुरताच आलेला. आणि भर दिवसा फांदीवर एखादं ठेंगणं घुबड बसलेलं दिसलं, तर आबाजींना हाक मार. रानपिंगळा असू शकतो. 1884 नंतर तो कुणालाच सापडला नव्हता, नामशेष झाला असं धरून चालले होते. 1997 साली शहाद्याजवळच्या सातपुड्यात तो पुन्हा दिसला, आणि आपल्या मेळघाटातही आहे.

इथे हॅम्बुर्गला दुपारी चारलाच अंधारून येतं. कणसं मिळत नाहीत, म्हणून बाल्कनीत सूर्यफुलाच्या बिया टांगल्यात. पिवळ्या पोटाचा, पांढऱ्या गालांचा एक पक्षी येतो. त्याचा राखाडी पोटाचा भाऊबंद मेळघाटात असतो, शोध.

होळीच्या सुमारास पळस फुलेल, तेव्हा तू इकडे परत आलेली असशील. त्याच भोरड्या मग फुलांतला मध प्यायला पळसावर उतरतील. त्यांचं दुसरं नाव पळसमैना, ते त्यावरूनच. तोंडाला पराग माखून घेऊन त्या या झाडावरून त्या झाडावर जातात, आणि पळसाला शेंगा धरायला त्यांची मदत होते. तेव्हा आबाजींना फोन करून विचारू, आल्या का म्हणून.

तोवर वळचणीला किती कणसं उरलीत ते मोजून मला सांग. दोनपेक्षा कमी असतील तर आबाजींना आठवण कर.

तुझी,
आई