वाचक विचारतात : लेकाच्या मँचेस्टरचं व्हिटॅमिन डी आणि आपलं गोरेगाव

प्रश्न : डॉक्टर नमस्कार. मी ६१ वर्षांची, गोरेगावला राहते. आमची चाळ पाडून टॉवर झाला, आम्हाला दुसऱ्या मजल्यावर जागा मिळाली पण समोरची बिल्डिंग एवढी खेटून की भर दुपारी लाईट लावून डाळ निवडते. मुलगा मँचेस्टरला असतो, तो म्हणतो तिकडे सरकारच सांगतं ऑक्टोबर ते मार्च सगळ्यांनी व्हिटॅमिन डी घ्या, तर आई तू पण चालू कर. घरात ह्यांच्या उरलेल्या डीच्या साठ हजार युनिटवाल्या चार पुड्या पडल्यात. ऑक्टोबरपासून आठवड्याला एक घेतली तर चालेल ना? गुडघे दुखतात, बीपीची गोळी चालू आहे, बाकी काही नाही. रिपोर्ट कधी काढला नाही.

उत्तर : ताई, तुमच्या लेकाचं काही चुकत नाहीये, फक्त तो मँचेस्टरच्या आकाशाखाली बसून बोलतोय. तिकडे हिवाळ्यात सूर्य क्षितिजाला धरूनच चालतो, डिसेंबरात ऐन दुपारी सुद्धा माणसाची सावली त्याच्या चौपट लांब पडते, आणि इतक्या तिरप्या उन्हातली यूव्हीबी किरणं वाटेतच हवेत गळून जातात. आपल्या कातडीत डी बनवतात ती हीच किरणं. म्हणजे तिकडे तो कडक ऊन पडलेल्या दिवशी गच्चीवर जाऊन बसला तरी हाती जवळजवळ काही लागणार नाही, म्हणून गोळी.

आता आपलं बघा. येत्या डिसेंबरात दुपारी साडेबाराच्या सुमारास खाली सोसायटीच्या कंपाऊंडमध्ये उभ्या राहा आणि स्वतःची सावली बघा, अगदी २१-२२ डिसेंबरला पण ती तुमच्यापेक्षा थोडी आखूडच असेल. सावली आपल्यापेक्षा आखूड तर ऊन कामाचं, हा हिशोब मी सगळ्या पेशंटना सांगतो कारण तो लक्षात राहतो, मोबाईल लागत नाही. सकाळी सातचं कोवळं ऊन चांगलं म्हणतात ना, ते मनाला चांगलं, चालायला चांगलं, डी साठी फारसं नाही.

त्यामुळे आपल्याकडे काळोखाचे महिने ऑक्टोबर ते मार्च नाहीतच, आपले म्हणजे जून ते सप्टेंबर. गंमत अशी की मुंबईत सूर्य बरोब्बर डोक्यावर वर्षातून दोनदा येतो, मे च्या मध्यावर आणि जुलैच्या शेवटी, आणि जुलैचा तो शून्य सावलीचा दिवस कोणाला दिसत नाही कारण वर ढग आणि हातात छत्री. वर जून-जुलैत मासेमारी बंद, मग श्रावण, म्हणजे बांगडा आणि तारली, ज्यांच्यात डी खरोखर बऱ्यापैकी असतं, तेही नेमके ह्याच दिवसांत ताटातून जातात. पण घाबरू नका, रक्तात जे डी मोजतात ते दोन-तीन आठवड्यांनी निम्मं होतं आणि थोडा साठा चरबीतही असतो, त्यामुळे मे महिन्यात चांगलं ऊन घेतलेल्या माणसाचं पावसाळ्यात एकदम दिवाळं निघत नाही. प्रश्न हा की मे महिन्यात घेतलं कोणी? तुम्हीच लिहिलंय भर दुपारी लाईट लावता. खरं सांगायचं तर मुंबईकराचा काळोख ऋतूचा कमी आणि बिल्डिंगचा जास्त.

आता त्या पुड्या. इथे जरा हिशोब करा. तुमचा मुलगा घेतो ती गोळी बहुतेक १० मायक्रोग्रॅमची असणार, म्हणजे ४०० युनिट, तिकडचा सरकारी सल्ला तेवढाच आहे. तुमच्या एका पुडीत ६०,००० युनिट. म्हणजे एक पुडी बरोबर त्याच्या १५० गोळ्या! ऑक्टोबर ते मार्च आठवड्याला एक घेतली तर पंचवीस-सव्वीस पुड्या होतील, तो अख्ख्या सीझनमध्ये घेतो ते सगळं मिळून तुमच्या सव्वा पुडीत मावतं. नाव एकच, व्हिटॅमिन डी, म्हणून गोंधळ होतो. साठ हजारवाली ही कमतरता भरून काढायची ट्रीटमेंट आहे, साधारण आठवड्याला एक अशी ८ आठवडे, मग डॉक्टर सांगतील तसं महिन्याला एक वगैरे. रोजच्या गरजेचं म्हणाल तर आपल्या आयसीएमआरने २०२० मध्ये मोठ्या माणसासाठी ६०० युनिट सांगितलंय, आणि आपल्या मनाने रोज ४,००० च्या वर जाऊ नये.

जास्त झालं तर काय होतं हे लोकांना खरंच वाटत नाही, व्हिटॅमिनच तर आहे म्हणतात. माझ्याकडे एक काका आले होते, चिठ्ठीवर आठवड्याला एक लिहिलं होतं, त्यांनी रोज रात्री दुधातून एक घेतली, वर कमी पडायला नको म्हणून दुसरं पाकीट पण आणलं. महिन्याभराने उलट्या, शौचाला नाही, सारखी तहान, सारखी लघवी, आणि घरचे म्हणे बाबा विसरायला लागलेत. रक्तातलं कॅल्शियम चढलं होतं. ॲडमिट करून सलाईन लावावं लागलं आणि उतरायला आठवडे गेले, कारण हे चरबीत साठतं, बी कॉम्प्लेक्ससारखं लघवीतून निघून जात नाही. एकदम भरपूर देण्याचा प्रयोगही झालाय, ऑस्ट्रेलियात वयस्कर बायकांना वर्षातून एकदाच ५ लाख युनिट दिले, २०१० मध्ये निकाल आला, पडणं आणि हाड मोडणं उलट वाढलं होतं. म्हणून ते सहा लाख युनिटचं इंजेक्शन एकदा मारून टाका डॉक्टर असं कोणी म्हणालं की मी नाही म्हणतो.

तर तुम्ही काय करायचं? ह्यांच्या पुड्या ह्यांच्या, तारीख पण बघा गेली असेल. बीपीच्या गोळीचं पाकीट आपल्या डॉक्टरांना दाखवा, त्यात क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायझाईड असेल तर ते कॅल्शियम अंगात धरून ठेवतं, मग डीचा जास्त डोस जपून द्यावा लागतो. मुतखडा झाला असेल, किडनीचं काही असेल, टीबी होऊन गेला असेल तर तेही सांगा. तुमच्यासारखं घरातच असणं आणि ६१ वय म्हटल्यावर मी स्वतः एकदा २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी, म्हणजे रक्तातलं डी मोजायची टेस्ट, करून बघेन, जरी धडधाकट माणसाने उगाच ही टेस्ट करत बसू नये असंच अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीने, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांच्या संघटनेने, २०२४ ला सांगितलंय. २० (नॅनोग्रॅम प्रति मिली) च्या खाली आलं तर कमतरता, मग पुड्यांचा कोर्स. बरं आलं तर रोज ६०० ते १,००० ची छोटी गोळी जेवणानंतर, आणि ती ऑक्टोबरची वाट बघत नाही, जून ते सप्टेंबर तर नक्कीच.

गुडघ्यांचं मात्र मनात धरू नका. झिजलेला गुडघा डीने बरा होत नाही. डी खूप कमी असलं तर दुखणं वेगळं असतं, मांड्या, कंबर, बरगड्या ठणकतात, खाली बसलं की हाताचा टेकू घेतल्याशिवाय उठवत नाही. तसं होत असेल तर मला परत लिहा. आणि अमेरिकेत पन्नाशीच्या वरच्या जवळजवळ २६ हजार लोकांना सरासरी पाच वर्षं रोज २,००० युनिट किंवा नुसती खोटी गोळी देऊन बघितलं, त्यात फ्रॅक्चर काही कमी झाले नाहीत, ना कॅन्सर ना हार्ट अटॅक. त्यांच्यातल्या बहुतेकांना कमतरता नव्हतीच म्हणा, भरलेल्या हंड्यात अजून पाणी ओतून काय होणार.

प्रश्न : वय २७, भांडुप ते बीकेसी रोजचा प्रवास, रिपोर्ट ११ आला. पूर्ण शाकाहारी. ऑफिसात खिडकीशेजारी सीट आहे, दुपारी चांगलं ऊन येतं अंगावर. तरी कमी कसं? एक महिना साठ हजारवाल्या कॅप्सूल घेतल्या, सोबत कॅल्शियमची गोळी. लगेच रिपोर्ट काढू का?

उत्तर : मित्रा, काच! काचेतून ऊन येतं, गरम लागतं, टॅन पण होशील, पण यूव्हीबी काच अडवते. तुझ्या सीटवर डी बनत नाही, फक्त घाम येतो, तो पण एसी नसेल तर. लंच झाल्यावर बाहेर शर्टाच्या बाह्या वर करून वीस-पंचवीस मिनिटं चक्कर मार, आपल्या सावळ्या कातडीला गोऱ्यांपेक्षा जास्त वेळ लागतो.

कॅप्सूल चहाबरोबर रिकाम्या पोटी घेत असशील तर बदल, तूप-तेल असलेल्या जेवणानंतर घे, हे चरबीत विरघळणारं आहे. ८ आठवडे पूर्ण कर, रिपोर्ट तीन महिन्यांनी. आणि कॅल्शियमच्या पाकिटावर कॅल्सिट्रिऑल लिहिलंय का बघ, ते डीचं शेवटचं तयार रूप, ते ह्या टेस्टमध्ये दिसत नाही, म्हणजे गोळी चालू असूनही आकडा हलत नाही असं होतं आणि पोरं वैतागून डोस वाढवतात. शाकाहारी म्हणालास म्हणून सांगतो, डी३ बहुतेक वेळा मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून काढतात, तुला चालत नसेल तर डी२ किंवा दगडफुलाच्या जातीतून काढलेलं डी३ माग. दुधाच्या पिशवीवर अधिक चिन्ह आणि एफ असा निळा शिक्का असेल तर त्यात डी घातलेलं असतं, थोडंच, पण रोज पोटात जातं.

प्रश्न : बाळ ४ महिन्यांचं, फक्त माझ्या दुधावर. सासूबाई म्हणतात तेल लावून सकाळच्या उन्हात धरलं की झालं, ड्रॉप्स कशाला?

उत्तर : सासूबाईंचं मालीश चालू दे, ड्रॉप्स पण चालू ठेव. आईच्या दुधात डी फार कमी असतं, म्हणून पहिल्या वर्षभर रोज ४०० युनिट, पावसाळा असो नसो. फक्त बाटली बदलली की लेबल वाच, कुठल्या कंपनीच्या १ मिलीत ४०० असतात कुठल्या ८००, आणि ड्रॉपर एका बाटलीचा दुसऱ्या बाटलीत वापरू नकोस.