पाणी किती मासळी पेलेल?

मत्स्यशेतीवरच्या अनुदानांविषयी मागच्या वेळी लिहिलं, त्यावर आलेल्या पत्रांतले पाच प्रश्न इथे घेतले आहेत. बहुतेकांच्या मनात एकच शंका आहे: पर्यावरण सांभाळायचं तर धंदा परवडेल का? माझ्या मते ही दोन टोकं नाहीत. मेलेला मासा आणि वाया गेलेलं खाद्य पाणीही बिघडवतं आणि खिसाही रिकामा करतं. सरकारी धोरण नेमकं इथेच कमी पडतं.

प्रश्न : आमची मच्छीमार संस्था धरणात वर्षानुवर्षं बीज (माशांची पिल्लं) सोडून मासेमारी करते. आता तिथे बाहेरच्यांचे पिंजरे, म्हणजे मासे कोंडून वाढवायची तरंगती जाळी, येणार म्हणतात. पाणी खराब होईल का? परवानगी देताना शासनाने काय बघावं? (सोलापूर जिल्हा)

होऊ शकतं, आणि किती होईल याचा हिशेब मांडता येतो. तरंगत्या खाद्यात साधारण २८ टक्के प्रथिनं असतात आणि प्रथिनांत सुमारे १६ टक्के नत्र (नायट्रोजन). एक किलो मासा वाढवायला दीड किलो खाद्य लागलं, तर त्यात ६७ ग्रॅमच्या आसपास नत्र आलं. मासा त्यातलं २५ ते २८ ग्रॅम अंगी लावतो. उरलेलं ४० ग्रॅम पाण्यात. म्हणजे टनामागे ४० किलो.

आता ६ बाय ४ मीटरचे, ४ मीटर खोल असे २४ पिंजरे धरा. प्रत्येकी तीन टन उत्पादन काढलं तर ७२ टन मासा आणि जवळपास २.९ टन नत्र. हे ४५ किलोच्या सुमारे १४० गोण्या युरियातल्या नत्राएवढं झालं. मोठं, खोल, वाहतं धरण ते पचवेल. उथळ तलाव मे महिन्यात तळाला गेलेला असताना नाही पचवणार. उजनीसारख्या जलाशयात तर पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून आणि भीमेतून आधीच येऊन पडतं. तिथे नवीन भार टाकण्याआधी जुना मोजला पाहिजे, आणि शहरांकडून तो कमी करून घेतला पाहिजे. पहाटे प्राणवायू कमी पडून मासे वर येऊन तोंड मारायला लागले की दोष पिंजरेवाल्याचा की महापालिकेचा, हे नोंदींशिवाय कुणीच सिद्ध करू शकत नाही.

म्हणून पिंजऱ्यांची संख्या पूर्ण भरलेल्या धरणावरून ठरवू नये, उन्हाळ्यातल्या सर्वांत कमी साठ्यावरून ठरवावी. नॉर्वेने २०१७ पासून किनाऱ्याचे १३ विभाग पाडून सिग्नलची पद्धत लावली आहे. पिंजऱ्यांतल्या सामन (सॅल्मन) माशांवर वाढणाऱ्या समुद्री उवांचा नदीतल्या रानटी सामनला किती त्रास होतो, यावर विभागाचा रंग ठरतो. हिरवा असेल तर उत्पादन ६ टक्के वाढवता येतं, पिवळ्यात आहे तेवढंच ठेवायचं, लाल झाला की ६ टक्के कमी करावं लागतं. आपल्या धरणात उवांचा प्रश्न नाही, आपल्याकडे पाण्यात विरघळलेला प्राणवायू आणि या नत्रातून होणारा अमोनिया बघावा लागेल. पण कुणाच्या ओळखीवर नव्हे, पाण्याच्या स्थितीवर उत्पादनाची मर्यादा ठरते, हे तत्त्व जसंच्या तसं घेण्यासारखं आहे.

तुमच्या संस्थेने तीन गोष्टी लेखी मागाव्यात. जाळी टाकण्याच्या जागा आणि पिण्याच्या पाण्याच्या विहिरींजवळचा भाग पिंजऱ्यांपासून मोकळा. दर महिन्याच्या पाणी तपासणीचे आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर. आणि पिंजऱ्यांत संस्थेच्या सभासदांचा हिस्सा, नुसती रोजंदारी नव्हे. धरण झालं तेव्हा जमिनी ज्यांच्या गेल्या, त्यांच्या मुलांनी त्याच पाण्यावर पहारेकरी म्हणून राहावं, हे मला मान्य नाही.

प्रश्न : सात टाक्यांचा बायोफ्लॉक प्रकल्प (टाकीत सतत हवा सोडून, जिवाणूंच्या मदतीने दाटीने मासे वाढवणं) घ्यावा का? अनुदान चांगलं आहे. (अहिल्यानगर)

अनुदान बघून घेऊ नका. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सात टाक्यांचा प्रकल्पखर्च साडेसात लाख धरला होता, त्यावर सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के मदत. म्हणजे तुमचे साडेचार लाख अडकणार. चार मीटर व्यासाच्या सात टाक्यांत मिळून जेमतेम शंभर घनमीटर पाणी राहतं. घनमीटरमागे २० किलो धरले तरी एका पिकाला दोन टन मासा. त्यात हवा सोडणारा ब्लोअर चोवीस तास चालला पाहिजे. रात्री वीज गेली आणि जनरेटर उठला नाही तर सकाळी टाकी मेलेल्या माशांनी पांढरी.

एप्रिल २०२५ मध्ये राज्याने मत्स्यव्यवसायाला कृषी समकक्ष दर्जा दिला, त्यामुळे वीज शेतीच्या दराने मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. ही चांगली गोष्ट आहे. पण स्वस्त वीज म्हणजे अखंड वीज नव्हे. अस्तरीकरण केलेलं शेततळं असेल तर आधी त्यात रोहू-कटला घेऊन दोन हंगाम हात बसवा. खेळत्या भांडवलासाठी किसान क्रेडिट कार्ड २०१८-१९ पासून मत्स्यपालकांनाही मिळतं, वेळेवर फेडलं तर व्याज ४ टक्क्यांवर येतं. सावकाराकडून खाद्य उधार घेण्यापेक्षा ते बरं.

टाक्यांच्या संख्येवर अनुदान देणं मला मुळात चुकीचं वाटतं. टाकी उभी राहिली, फोटो निघाला, फाईल बंद झाली. निम्मा हप्ता तरी दुसऱ्या पिकानंतर, खाद्याची वही आणि विक्रीच्या पावत्या बघून द्यावा.

प्रश्न : पेण भागात आमची खारजमीन पडीक आहे. कोळंबी करावी की जिताडा (खाडीतला मासा)? (रायगड)

कोळंबीत पैसा आहे, धोकाही तेवढाच. नव्वदच्या दशकात आंध्र-तमिळनाडूच्या किनाऱ्यावर कोळंबीची तळी वाढली, विहिरी खारट झाल्या, भातशेती गेली, आणि १९९४-९५ मध्ये पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाने पीकच झोपलं. ११ डिसेंबर १९९६ ला सर्वोच्च न्यायालयाने जगन्नाथ खटल्यात पारंपरिक पद्धती वगळून किनारपट्टी नियंत्रण क्षेत्रातली कोळंबीची तळी काढायला सांगितली आणि नुकसानीचा खर्च प्रदूषण करणाऱ्याकडून घ्यायचा आदेश दिला. त्यानंतर २००५ मध्ये किनारी मत्स्यशेती प्राधिकरणाचा कायदा आला. आज नोंदणीशिवाय कोळंबी करता येत नाही. पाच हेक्टरांहून मोठ्या शेतीला सांडपाणी शुद्धीकरणाची सोय ठेवावी लागते. परदेशी पाठवलेल्या कोळंबीत प्रतिबंधित प्रतिजैविकांचा अंश सापडला की माल बंदरावरून परत येतो आणि बदनाम सगळा जिल्हा होतो.

अडचण लहान शेतकऱ्याची आहे. एक-दोन एकरांची पन्नास तळी एकाच खाडीचं पाणी घेतात आणि त्याच खाडीत सोडतात. एकाकडे रोग आला की भरतीबरोबर सगळीकडे. कायदा मोठ्या तळ्यावर नजर ठेवतो, पण अशा ठिकाणी तळी एकेकटी मोजून उपयोग नाही, खाडी मोजली पाहिजे. शासनाने गटासाठी एक सामाईक निचरा तळं बांधून द्यावं. पाणी तिथे निवळू देऊन मग खाडीत सोडायचं.

तुमच्यासाठी माझं मत जिताड्याच्या बाजूने. पेण-अलिबागच्या तळ्यांत तो पिढ्यान् पिढ्या वाढतोय, गिऱ्हाईक दारात आहे आणि परदेशातल्या आयातशुल्काशी त्याचा संबंध नाही. मात्र खाडीतून पिल्लं ओरबाडून आणू नका, उबवणी केंद्राचं बीज घ्या. खाडीतलं बीज संपलं तर जाळी टाकणाऱ्यांचा जिताडा जातो. कांदळवनाला हात लावायचा नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्यावर स्पष्ट मनाई केली आहे. खाडीकाठच्या गटांना कांदळवन प्रतिष्ठानाच्या योजनेतून कालवं (शिंपल्यातले जीव) आणि चिंबोऱ्यांसाठीही मदत मिळते. कालवांना खाद्य लागत नाही आणि ती पाणी गाळतात. सगळ्यात आधी अनुदान कशाला द्यावं असं मला कुणी विचारलं, तर मी कालवांचं नाव घेईन.

प्रश्न : मांगूर मासा इतका लवकर वाढतो, मग बंदी का? (पुणे जिल्हा)

आफ्रिकन किंवा थाई मांगुराच्या संवर्धनाला देशात २००० सालापासून मनाई आहे. कोंबड्यांच्या दुकानातली घाण खाऊन तो वाढवला जातो, तळ्याबाहेर सुटला की बाकीचे मासे फस्त करतो. लपूनछपून कुणी करत असेल तर मत्स्यव्यवसाय विभागाला कळवा. देशी मांगुराला बंदी नाही आणि त्याला भावही चांगला मिळतो.

प्रश्न : आंध्रचा रोहू बर्फात घालून शेकडो किलोमीटर येतो, तरी आमच्या ताज्या माशापेक्षा स्वस्त. कसं टिकायचं? (विदर्भ)

त्यांच्याकडे गोदावरी-कृष्णेच्या पट्ट्यात सगळं एका ठिकाणी आहे: सलग तळी, कालव्याचं पाणी, भातगिरण्यांचा तेल काढलेला कोंडा, बर्फाचे कारखाने, रात्री सुटणारे ट्रक. त्या स्वस्ताईचा एक भाग निसर्गाने भरला, हेही खरं. तिथलं कोल्लेरू सरोवर १९९९ मध्ये अभयारण्य आणि २००२ मध्ये रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) झालं, तरी त्याच्या पोटात मत्स्यतळी खोदली गेली होती. ती २००६ मध्ये सरकारला फोडावी लागली. तो मार्ग आपल्याला नको.

आपण मागे पडतो ते बीजात. बरंच बीज बंगालहून येतं, प्रवासात थकतं, पुष्कळ मरतं, आणि ही मरतुक खर्चात कुणी धरत नाही. भुवनेश्वरच्या केंद्रीय संस्थेने निवडपद्धतीने तयार केलेला जयंती रोहू १९९७ पासून उपलब्ध आहे. तालुक्याला एक तरी तपासलेलं बीजकेंद्र, बाजाराजवळ बर्फ आणि रोगनिदानाची फिरती प्रयोगशाळा, एवढं शासनाने केलं तर आंध्रशी भावात बरोबरी होईल असं मी म्हणत नाही, पण ताज्या माशाचे जास्तीचे पैसे तुमच्या हातात पडतील.

दुसरा हिशेब खाद्याचा. किलोला ४५ रुपये दर धरा. एक किलो माशाला दीड किलो खाद्य लागलं तर साडेसदुसष्ट रुपये, दोन किलो लागलं तर नव्वद. साडेबावीस रुपयांचा फरक, आणि पाण्यात जाणारं नत्र टनाला ४० ऐवजी ६० किलोंच्या वर. दर पंधरा दिवसांनी जाळं मारून वजन घ्या आणि त्यावर खाद्य ठरवा. ढगाळ दिवशी कमी टाका, पहाटे मासे वर आले असतील तर अजिबात टाकू नका. आणि या हंगामात मत्स्यजिरे (नुकती जन्मलेली पिल्लं) किंवा अर्धबोटुकली (त्याहून थोडी मोठी) सोडण्याऐवजी ८० ते १०० मिलिमीटरची, बोटाएवढी बोटुकली घ्या. महाग पडेल, पण जगेल. गाडी आली की पिशव्या आधी अर्धा तास तळ्याच्या पाण्यावर तरंगत ठेवा, मग उघडा.